अनोळखी पक्षी ओळखण्याआधी छायाचित्र कोणाचे ते विचारा

पाऊस ओसरून पाषाण तलाव, कवडी पाट आणि भिगवणच्या पाण्यावर स्थलांतरित पक्षी उतरू लागले की पुण्यात पक्ष्यांच्या छायाचित्रांचाही हंगाम सुरू होतो. त्यांतले एखादे छायाचित्र चार-पाच फोनांमधून फिरत आपल्यापर्यंत येते, त्याखाली ‘हा कोणता पक्षी?’ एवढाच प्रश्न असतो आणि पाहणारा प्रत्येक जण थेट पिसांच्या रंगाकडे वळतो. या लेखात सुचवलेला क्रम त्याच्या उलट आहे. छायाचित्र कोणी, कोठे आणि केव्हा काढले हे आधी शोधावे आणि मग पक्ष्याकडे पाहावे. कारण नेहमी न दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद जितकी त्याच्या पिसाऱ्यावर तितकीच स्थळकाळावर उभी असते, आणि स्थळकाळाची खात्रीची माहिती छायाचित्र काढणाऱ्याकडेच असते. श्रेय देणे हा पुष्कळांना शेवटी उरकायचा उपचार वाटतो. माझ्या मते ती ओळखीची पहिली पायरी आहे.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर आपल्याच राज्यातल्या रानपिंगळ्याचा इतिहास पाहावा. हे छोटे घुबड शतकभराहून अधिक काळ कोणाला दिसले नव्हते आणि ते नामशेष झाले असावे, असे मानले जाई. संग्रहालयातल्या मोजक्या नमुन्यांपैकी एक नमुना ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहॅगन यांनी 1914 साली गुजरातेतल्या मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी त्याच्या पायाला बांधलेली होती आणि त्या चिठ्ठीवर विसंबून त्या भागात केलेले शोध निष्फळ ठरले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात खानदेशात गोळा केलेला, नंतर मायनर्ट्झहॅगन यांनी संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावून स्वतःच्या नावावर खपवलेला असल्याचे उघड झाले. खोटा मुलूख वगळून खऱ्या नोंदींच्या मुलखात शोध घेतल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ज्याने नमुना मिळवला त्याचे नाव पुसले गेले, म्हणजे त्याबरोबर जागाही पुसली गेली. आज संग्राहकाच्या चिठ्ठीची जागा छायाचित्राखालच्या ओळीने घेतली आहे.

छायाचित्राच्या धन्याकडून काय मागावे

छायाचित्र ज्याने आपल्याला पाठवले त्याला प्रथम विचारावे की ते त्याने स्वतः काढले आहे का, आणि नसल्यास त्याला ते कोणाकडून मिळाले. ही साखळी एकेक कडी मागे नेत मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचणे बहुधा वाटते तितके अवघड नसते. ती व्यक्ती सापडली की तारीख, वेळ आणि जागा यांबरोबर आणखी दोन गोष्टी आवर्जून मागाव्यात. पहिली म्हणजे मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठवलेले छायाचित्र आकाराने आक्रसते आणि कॅमेऱ्याने त्यात साठवलेली तारीख, वेळ व भिंगाची माहिती निघून जाते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी येते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असू शकते, म्हणून फाइलमधली वेळ आणि छायाचित्रातल्या सावल्या जुळतात का हेही पाहावे.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट म्हणजे उरलेली छायाचित्रे. माणूस पुढे पाठवतो ते छायाचित्र बहुधा सर्वांत देखणे असते, सर्वांत उपयोगी नव्हे. पाठमोरा बसलेला, उडताना पंख पसरलेला, शेपटी उघडलेला किंवा शेजारी बसलेल्या साध्या साळुंकीमुळे ज्याच्या आकाराचा अंदाज येतो असा पक्षी त्या टाकून दिलेल्या, जरा हललेल्या छायाचित्रांतच असतो. पक्षी जमिनीवर दाणे टिपत होता की तारेवर बसून कीटकांवर झेप घेत होता, ओरडला का, एकटा होता की थव्यात, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. छायाचित्राचे रंग नंतर गडद केले आहेत का, हा प्रश्न थोडा नाजूक असला तरी टाळू नये.

मूळ व्यक्ती सापडत नसेल, तर गूगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनांनी चित्रावरून शोध घ्यावा आणि सापडलेल्या प्रतींपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रत कोठे आहे ते पाहावे. खडकवासल्याच्या नावाने फिरणारा झगझगीत बदक परदेशातल्या एखाद्या संग्रहातून उचललेला आहे, असे एवढ्यावरच कळू शकते आणि पुढचा सगळा खल वाचतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली चित्रेही यात मिसळू लागली आहेत. त्यांत पायांच्या बोटांची संख्या आणि मांडणी, पंखाच्या पिसांची रचना आणि फांदीवरची पकड बहुतेकदा बिघडलेली असते. पण ती सफाईदार होत चालली असल्याने खरा भरवसा पुन्हा छायाचित्र काढणाऱ्या माणसावर आणि त्याच्याकडच्या मूळ फायलींवरच ठेवावा लागतो.

पक्ष्याकडे पाहताना

रंग शेवटी पाहावा. संध्याकाळच्या उन्हात पांढरे पोट केशरी दिसते, आकाशाच्या पार्श्वभूमीवर कोणताही पक्षी काळा दिसतो आणि फोनचा कॅमेरा स्वतःच्या अकलेने पिसांना नसलेली धार आणतो. आकार, चोचीची लांबी व वळण, पायांची लांबी, मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या मानाने कोठपर्यंत पोहोचतात, बसण्याची ढब, या गोष्टी प्रकाशाने सहसा बदलत नाहीत. त्यांवरून कुळ ठरवावे आणि मगच भुवईसारखी रेघ, डोळ्याभोवतीचे कडे, पंखावरची पट्टी, छातीवरच्या रेषा उभ्या आहेत की आडव्या, अशा खुणांकडे यावे. कुळ न ठरवता थेट जातीवर उडी मारणारे बहुतेक अंदाज चुकतात.

यानंतर एक नावडता प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: हा रोजचाच पक्षी वेगळ्या वेशात तर नाही? पुण्यात ‘दुर्मीळ’ म्हणून येणाऱ्या छायाचित्रांत ठिपक्याठिपक्यांची कोकिळा हमखास असते, कारण काळाभोर नर सर्वांना ठाऊक असतो आणि मादी कधी कोणी नीट पाहिलेली नसते. रातबगळ्याचे तपकिरी, ठिपकेदार पिल्लू बिटर्न (बगळ्यांच्याच कुळातला, गवतात दडणारा पक्षी) म्हणून पुढे येते. शिक्र्याच्या पोटावर प्रौढपणी तांबूस आडव्या रेषा असतात, पण लहान वयात उभे तपकिरी फराटे असतात, त्यामुळे तो भलत्याच ससाण्याच्या नावाने ओळखला जातो. आणि पावशा तर प्रौढ असूनही शिक्र्यासारखा दिसतो. विणीच्या काळात पाठीवर गडद लालसर तपकिरी पिसे आलेला वंचक एरवीच्या मातकट वंचकाचाच भाऊ आहे, हे अनेकांना पटत नाही. अंगाचा गुलाबी रंग अजून न आलेली भोरडीची पिल्ले फिकट मातकट आणि पिवळसर चोचीची असतात. राखी धनेश मात्र खरोखरच पुण्याच्या झाडीत राहतो. त्याची चोच पाहून कोणी हरखून गेले, तर त्यांना नाउमेद करू नये.

रंगातच गोंधळ असेल, तर तीन शक्यता तपासाव्यात. पांढरी साळुंकी किंवा अंगावर पांढरे डाग असलेला कावळा हा रंगद्रव्याच्या कमतरतेचा परिणाम असतो. डोळे नेहमीच्या रंगाचे असतील तर तो ल्युसिझम, आणि मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य मुळीच नसून डोळे गुलाबी-लाल दिसत असतील तर तो अल्बिनो. फुलांतला मध खाणाऱ्या लहान पक्ष्यांच्या कपाळाला परागकण चिकटून पिवळी किंवा केशरी टोपी घातल्यासारखे दिसते, आणि ती टोपी कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. तिसरी शक्यता पिंजऱ्याची आहे. बजरीगार, कॉकाटील हे पाळलेले पक्षी सुटून बाहेर येतात, आणि मुनियांना कृत्रिम रंग देऊन विकण्याचा गैरधंदाही आपल्याकडे चालत आलेला आहे. पायात कडी, झिजलेली शेपटी आणि माणसाची न वाटणारी भीती या खुणा अशा वेळी बोलक्या ठरतात.

मग पंचांग उघडावे, म्हणजे पक्ष्यांचे. नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो आणि त्या दिवसांत दमलेला नवरंग एखाद्या इमारतीच्या आवारात सापडला तर ते आश्चर्य नव्हे. चातक मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या परिसरात थोडा काळ दिसतात. हीच नावे भलत्या महिन्यात आली की पुरावा अधिक कडक मागावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हावार आणि आठवडावार नोंदींचे आलेख पाहायला मिळतात. पुणे जिल्ह्याचा आलेख उघडून आपला संशयित पक्षी त्या आठवड्यात पूर्वी नोंदला गेला आहे का, हे पाहायला काही क्षण पुरतात.

नीलपंखाचे उदाहरण

सासवडकडच्या माळरानावर सप्टेंबरच्या अखेरीस तारेवर बसलेल्या निळ्या पक्ष्याचे छायाचित्र आले आहे, असे धरू. डोके मोठे, चोच दणकट, बसणे ताठ, त्यामुळे नीलपंखाचे कुळ निश्चित होते. आता प्रश्न उरतो तो आपल्या नेहमीच्या नीलपंखाचा की आफ्रिकेकडे जाताना याच दिवसांत पश्चिम भारतातून जाणाऱ्या युरोपीय नीलपंखाचा. आपल्या नीलपंखाचा चेहरा, गळा आणि छाती जांभळट तपकिरी असून त्यांवर पांढुरक्या रेघा असतात. युरोपीय नीलपंखाचे डोके, मान आणि पोट फिकट निळे आणि पाठ तांबूस असते. छायाचित्रातल्या पक्ष्याची छाती मळकट तपकिरी आणि किंचित रेघांची दिसते, म्हणून घाईने आपला नीलपंख म्हणून मोकळे व्हावेसे वाटते.

येथेच थांबावे, कारण युरोपीय नीलपंखाचे पहिल्या वर्षाचे पक्षी फिकट असून त्यांच्या छातीवरही तपकिरी छटा आणि पुसट रेघा असतात. बसलेल्या पक्ष्याचे एकच छायाचित्र हाती असेल, तर खात्री देणे कठीण जाते. छायाचित्रकाराकडे उरलेली छायाचित्रे मागितल्यावर त्यांत पक्षी उडाल्याचे एक अस्पष्ट छायाचित्र निघाले, तर प्रश्न तेवढ्याने सुटतो: आपल्या नीलपंखाच्या उघड्या पंखात गडद निळ्यात फिकट निळा ठसठशीत पट्टा दिसतो, तर युरोपीय नीलपंखाची उड्डाणपिसे काळपट असतात आणि पट्टा नसतो. धुरकट असले तरी हेच छायाचित्र नोंदीचा पुरावा होईल. देखणे छायाचित्र मुखपृष्ठाला शोभेल. तारीख मात्र दोन्हींना हवी. हेच छायाचित्र सप्टेंबरऐवजी ऐन उन्हाळ्यातले असल्याचे कळले, तर युरोपीय नीलपंखाच्या बाजूने पडणारे माप बरेच हलके होईल.

मर्लिन किंवा आयनॅचरलिस्ट यांसारखी अ‍ॅप या कामात मदत करतात, पण त्यांनी दिलेले नाव हे अनुमान असते. त्यांना तारीख आणि ठिकाण खरे दिले तरच ती शक्यता नीट तोलतात. दुसऱ्याचे छायाचित्र घरी बसून, घरचा पत्ता धरून तपासले तर उत्तरही घराजवळच्या पक्ष्यांकडे झुकते. अनुभवी माणसाला विचारताना आपला अंदाज आधी सांगू नये, नाहीतर उत्तर त्याच दिशेने वळते. आणि जात ठरत नसेल, तर कुळावर थांबण्यात कमीपणा नाही. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्या व पिल्ले यांच्या बाबतीत जाणकारही अनेकदा तसेच करतात, आणि ‘दोहोंपैकी एक’ अशी नोंद करण्याची सोय ई-बर्डवर मुद्दाम ठेवलेली आहे. एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो: ई-बर्डच्या यादीला स्वतः काढलेली छायाचित्रेच जोडायची असतात. दुसऱ्याने पाहिलेल्या पक्ष्याची नोंद त्यालाच करू द्यावी. हवे तर त्याला खाते उघडायला मदत करावी.

श्रेय आणि परवानगी

भारताच्या कॉपीराइट अधिनियम 1957 नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि हा हक्क मिळण्यासाठी कोठेही नोंदणी करावी लागत नाही. छायाचित्र नोकरीचा भाग म्हणून काढले असेल किंवा कोणी मोबदला देऊन काढून घेतले असेल, तर मालकी वेगळ्याकडे जाऊ शकते, म्हणून अशा वेळी ते विचारून घ्यावे. कर्त्याच्या हयातीत प्रकाशित झालेल्या छायाचित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. हक्क विकल्यावरही कर्त्याचा नाव लावण्याचा अधिकार कलम 57 राखून ठेवते, आणि छायाचित्रात घातलेली मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा 2012 च्या दुरुस्तीनंतर कलम 65-ब खाली गुन्हा आहे. कोपऱ्यातले नाव कापून छायाचित्र पुढे पाठवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते. वैयक्तिक अभ्यासासाठी, समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कायदा रास्त वापराची मुभा देतो. परंतु संस्थेच्या दिनदर्शिकेत किंवा सोसायटीच्या अंकात छापणे म्हणजे वैयक्तिक अभ्यास नव्हे.

श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. परवानगी आधी, लेखी, आणि नेमक्या वापरापुरती घ्यावी. पत्र मोठे असण्याची गरज नसते. ‘नमस्कार. आपण कवडी पाट येथे काढलेले भोवत्याचे छायाचित्र मला एका परिचितांकडून मिळाले. आमच्या संस्थेच्या वार्षिक अंकात ते एकदा छापण्याची आणि त्याची ओळख नक्की करण्यासाठी दोन जाणकारांना दाखवण्याची आपली परवानगी असावी, ही विनंती. छायाचित्र कापायचे झाल्यास आधी आपल्याला दाखवू. श्रेयात आपले नाव कसे लिहावे आणि ठिकाण जाहीर करावे की नाही, हेही कृपया कळवावे.’ एवढे पुरते. उत्तर आले नाही तर तो होकार समजू नये.

श्रेयाची ओळ छायाचित्राला लागून असावी, अंकाच्या शेवटच्या पानावर एकगठ्ठा नव्हे. तीत पक्ष्याचे मराठी नाव, शक्यतो शास्त्रीय नाव, वय किंवा लिंग कळले असल्यास ते, ठिकाण, महिना व वर्ष, आणि छायाचित्रकाराचे नाव यावे. परवानगीने छापले असल्यास ‘पूर्वपरवानगीने’ असे लिहावे. ‘साभार: इंटरनेट’ किंवा ‘सौजन्य: गूगल’ ही श्रेये नव्हेत; त्यांतून एवढेच कळते की लिहिणाऱ्याने मालक शोधला नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स या, ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखालचे छायाचित्र असेल, तर कर्त्याचे नाव, मूळ पानाचा दुवा, परवान्याचे नाव व त्याचा दुवा द्यावा आणि छायाचित्रात बदल केला असल्यास तसे नमूद करावे. परवान्यांत फरक असतो: काही व्यापारी वापर नाकारतात, काही बदललेली प्रत प्रसृत करू देत नाहीत. आयनॅचरलिस्टवरची बरीच छायाचित्रे अव्यापारी परवान्याखाली असतात, तर ई-बर्डवरची छायाचित्रे जेथे साठवली जातात त्या मॅकॉले लायब्ररीत हक्क छायाचित्रकाराकडेच राहतात आणि तेथील छायाचित्राला नावाबरोबर त्याचा क्रमांकही द्यावा लागतो. ओळख पटवण्यासाठी केवळ तुलना दाखवायची असेल, तर छायाचित्र उचलण्यापेक्षा दुवा देणे सोपे आणि निर्धोक असते.

छायाचित्र काढणारा आणि पक्षी शोधणारा नेहमी एकच नसतात, ही गोष्ट आपल्याकडे फार सहज विसरली जाते. भिगवणजवळ कुंभारगाव किंवा डिकसळला होडीतून हिंडताना दूरच्या थव्यातला वेगळा पक्षी प्रथम नावाड्याच्या नजरेस पडतो आणि नाव मात्र मोठ्या भिंगाच्या मालकाचे छापले जाते. नावाड्याने दाखवला असेल, तर त्याची संमती घेऊन ‘पक्षी प्रथम पाहिला’ असे त्याचे नाव श्रेयाच्या ओळीत घालावे. ओळख ज्यांनी पटवून दिली त्यांचेही नाव द्यावे. कारण पुढे शंका निघाली, तर कोणाला विचारायचे हे त्यावरून कळते.

ठिकाणाच्या बाबतीत एक अपवाद पाळावा. घरटे, घुबडांची विश्रांतीची झाडे आणि संकटग्रस्त जातींची ठिकाणे छापील ओळीत ‘पुणे जिल्हा’ एवढीच द्यावीत आणि नेमकी जागा आपल्या खासगी नोंदीत ठेवावी. छायाचित्र जाहीरपणे टाकण्यापूर्वी फाइलमध्ये साठलेले अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. मालकाचे नाव मात्र तसेच ठेवावे. ई-बर्डही संवेदनशील जातींच्या जागा सर्वांना दाखवत नाही. घरट्यावर काढलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी ते मागू नये आणि छापू नये, असे माझे मत आहे, कारण एका छायाचित्राला मिळालेली वाहवा आणखी दहा जणांना त्या झाडाखाली घेऊन येते.

छापल्यानंतर ओळख बदलली, तर दुरुस्ती प्रथम छायाचित्रकाराला कळवावी, मग जेथे छायाचित्र लागले आहे तेथील ओळ बदलावी आणि जुने नाव, नवे नाव व बदलाचे कारण आपल्या मूळ फाइलबरोबर लिहून ठेवावे. ई-बर्डवर नोंद झाली असेल, तर ती ज्याच्या खात्यावर आहे त्यानेच तेथील नाव बदलायचे असते.